ब शाखेचं दही

डेटा साफ करण्यात ओजस्वीचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. टोकियोतल्या एका विद्यापीठात डेटा सायन्सच्या पदवीचं तिचं दुसरं वर्ष चालू होतं. बाकीच्यांना मॉडेल बांधायची घाई असे. आकड्यांच्या रांगा निवडत बसायचा त्यांना कंटाळा येई. ओजस्वीला नेमकं तेच आवडायचं. सहाव्या वर्षी आईबाबांबरोबर पुण्याहून इथल्या तोयोसु भागात आल्यापासून ती कचरा वेगळा करत वाढली होती. जळणारा एका पिशवीत, न जळणारा दुसरीत, बाटली झाकण सोडवून तिसरीत. आकड्यांनाही ती तोच न्याय लावी. रिकामी घरं, दोनदा आलेल्या ओळी, उणे विक्री, सगळं जागच्या जागी. जे कुठेच बसत नाही ते बाहेर.

त्या वर्षी तिच्या गटाकडे दुधाचे पदार्थ आले होते. तीन दुकानं असलेल्या एका लहानशा सुपरमार्केट कंपनीने दोन वर्षांची विक्री विद्यापीठाला दिली होती. नाशवंत माल किती मागवावा, म्हणजे संध्याकाळी टाकून द्यावा लागणार नाही, एवढं कंपनीला जाणून घ्यायचं होतं. दुकानांची नावं झाकलेली होती. शाखा अ, ब आणि क. गटात तिघं होते. गटप्रमुख होनोका, कमी बोलणारा रयोता आणि ओजस्वी.

ब शाखेचं साधं दही तेवढं सरळ वागत नव्हतं. वर्षभर शहाण्यासारखं खपायचं आणि मधेच एखाद्या दिवशी नेहमीच्या कितीतरी पट उसळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. ओजस्वीने सवलतीचे दिवस तपासले, सुट्ट्या तपासल्या, वादळं आणि उकाडा तपासला. दही खाल्लं की पोट कमी होतं असं टीव्हीवर कुणी सांगितलं होतं का, तेही पाहिलं, कारण तसं कुणी सांगितलं की या शहरात दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या होतात. काहीच जुळेना. दोन वर्षांत तारखाही एक नव्हत्या.

मग तिने ते दिवस बाद केले. अहवालात कारण लिहिलं, ‘बहुधा काउंटरवरच्या नोंदीतली चूक.’ रयोताने एकदा विचारलं होतं, खात्री आहे का. एक डबा विकताना कुणीतरी नगांचा आकडा चुकीचा दाबला असेल, असं तिने सांगितलं आणि विषय संपला. ते दिवस निघाल्यावर अंदाजाची रेघ अशी गुळगुळीत झाली की होनोकाने पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं.

या गुळगुळीत रेघेवर ओजस्वीचं बरंच काही अवलंबून होतं. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला एका प्राध्यापकाच्या झेमीत, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या अभ्यासगटात जायचं असतं आणि पदवीपर्यंत तिथेच राहायचं असतं. ओजस्वीला मिझुनो सेन्सेईंची झेमी हवी होती. पहिल्या वर्षी त्यांनी एक अख्खा तास एका बसथांब्यावरच्या आकड्यांवर घालवला होता, आणि तास संपला तेव्हा तो थांबा तिला आपल्या गल्लीतला वाटू लागला होता. सेन्सेई मोजकीच मुलं घेत. कोणाला घ्यायचं, हे ते ऑक्टोबरमधल्या सादरीकरणावरून ठरवत.

सादरीकरण शुक्रवारी होतं आणि दसरा गुरुवारी.

बुधवारी दुपारी आईचा निरोप आला. ओजस्वीची आई, सुप्रभा, मसाले आयात करणाऱ्या एका कचेरीत हिशेब पाहायची आणि त्या दिवशी तिथे अडकली होती. स्टेशनवरून येताना दही आण, साधं, बिनसाखरेचं, आठ डबे. आज चक्का टांगला नाही तर उद्या श्रीखंड कुठलं. ही खरेदी आजवर आईच करायची, तीही ओजस्वी वर्गात असताना. श्रीखंडाशी ओजस्वीचा संबंध थेट वाटीतच येई.

दुकानात दह्याची फळी जवळजवळ रिकामी झाली होती. फळीसमोर, टोपली कोपराला अडकवून, अनघाकाकू उभ्या होत्या. तोयोसुच्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम काकूंशिवाय हलत नसे.

"उशीर केलास गं," काकू म्हणाल्या. "आपल्या मंडळातली शिवानी आत्ताच दहा घेऊन गेली. मागचे काढ, तारीख पुढची असते."

ओजस्वीने मागचे काढले. काउंटरवरच्या मुलीने एक डबा यंत्रासमोर धरला, बाकीचे नजरेने मोजले आणि आठाचा आकडा दाबला. ओजस्वी त्या बोटाकडे पाहत राहिली. अहवालात जी चूक म्हणून तिने लिहिली होती, ती क्रिया तिच्यासमोर, तिच्याच दह्यासाठी, अगदी बरोबर पार पडली होती.

दुकानाबाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभं राहून तिने फोनवर मागच्या वर्षीचा दसरा शोधला, मग त्याआधीचा, मग दोन्ही गुढीपाडवे. बाद केलेले दिवस तिला पाठ होते. त्यातला प्रत्येक सणाचा आदला दिवस होता. तिथीवर चालणारे सण, म्हणून तारखा दरवर्षी हललेल्या. ब शाखा म्हणजे तिच्या घराखालचं दुकान. वादळं, सुट्ट्या आणि टीव्ही तपासणाऱ्या ओजस्वीने स्वतःच्या घरातलं गोडधोड मात्र तपासलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. सुप्रभा पातेल्यावर फडकं पसरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू मला खोडून टाकलंस," ती म्हणाली.

"तुला एकटीला नाही. अनघाकाकूंनाही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि दही फडक्यात ओतू लागली.

बाबांचं म्हणणं वेगळं पडलं. नीलकंठ वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होता. सादर करायच्या आदल्या दिवशी बदल सांगणाऱ्या माणसाबद्दल गिऱ्हाइकाचं काय मत होतं, हे तो अनुभवाने जाणून होता. आधी सादर करा, मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती टाका, असा त्याने सल्ला दिला. ओजस्वीने ऐकला. पण त्या दुकानाचे व्यवस्थापक ओनो-सान सादरीकरणाला येणार होते, आणि पडद्यावर त्यांच्या माणसांची चूक म्हणून एक ओळ दिसणार होती. ती चूक त्यांची नव्हती.

गुरुवारी उपाहारगृहात तिने होनोका आणि रयोताला गाठलं. होनोकाने ऐकलं, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि अवघड आहे, एवढंच म्हणाली. ओजस्वी या देशात इतकी वर्षं राहिली होती की ‘अवघड’ याचा अर्थ ‘नाही’, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. स्लाइड जमा झाल्या होत्या, बदलायची मुदत गेली होती. शिवाय ते दिवस परत घातले तर अंदाजातल्या चुकीचं प्रमाण वाढणार होतं आणि गुळगुळीत रेघेला दात येणार होते. होनोकालाही कुठल्यातरी झेमीत जायचं होतंच.

मग रयोता म्हणाला की स्लाइड बदलायला बंदी आहे, शेवटी दोन मिनिटं बोलायला नाही. होनोकाने विचार केला. तिने अट घातली: ओजस्वीने स्वतःच्या तोंडाने बोलायचं आणि स्वतःच्या नावावर. ती अट ओजस्वीला रास्त वाटली.

शुक्रवारी होनोका आणि रयोताने नेटकं सादर केलं. शेवटी ओजस्वी उभी राहिली. तिने सांगितलं की ब शाखेचे जे दिवस चूक म्हणून काढले ते खरे आहेत, काढण्याचा निर्णय तिचा एकटीचा होता, आणि काउंटरवरच्या कुणाचीही चूक झालेली नाही. मग ओनो-सानांकडे वळून ती कमरेतून वाकली. ओनो-सान गडबडीने अर्धे उठून तेही वाकले.

मिझुनो सेन्सेई मागच्या बाकावर बसले होते. हे तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. काल घरी श्रीखंड होतं, असं ती म्हणाली, आणि मग श्रीखंड म्हणजे काय ते तिला वर्गाला समजावून सांगावं लागलं. दह्यातलं पाणी काढून त्यात साखर घालतात, हे ऐकून होनोकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल दिसलं.

"दोन वर्षांत मोजून चार उसळ्या," सेन्सेई म्हणाले. "आणि त्या उलगडणारा सण. हे मॉडेल आहे की गोष्ट?"

"गोष्ट," ओजस्वी म्हणाली. "अजून मॉडेल नाही."

सेन्सेईंनी काहीतरी लिहून घेतलं. नोव्हेंबरात नावं लागली. होनोका आणि रयोताला हव्या त्या झेमी मिळाल्या. मिझुनो सेन्सेईंच्या यादीत शेवटची जागा रिकामी होती.

त्यांनी ओजस्वीला खोलीत बोलावून घेतलं आणि पुढचा दह्याचा सण कधी, असं विचारलं. दिवाळी होऊन गेली, आणि तिला आमच्याकडे तळणं असतं, दही नाही. आता गुढीपाडवा, मार्चमध्ये, असं तिने सांगितलं. मग ती जागा तोवर रिकामी राहील, सेन्सेई म्हणाले. पाडव्याआधी ब शाखेत किती डबे खपतील तो आकडा तिने आगाऊ कळवायचा. घडून गेल्यावर कारण सांगणं कुणालाही जमतं.

हिवाळाभर ओजस्वी त्या आकड्यावर बसली. मागच्या चार उसळ्या, सण कोणत्या वारी आला, परिसरात किती मराठी घरं वाढली, किती परत गेली. एक नियम तिने स्वतःच स्वतःला घातला होता: मंडळातल्या कुणालाही आधी काही विचारायचं नाही. विचारून काढलेला आकडा अंदाज राहत नाही, मागणीची नोंद होते. म्हणून मंडळाच्या फोनवरच्या गटातूनही ती बाहेर पडली. अनघाकाकूंनी आईला विचारलं की मुलगी रुसली आहे का.

मार्चच्या सुरुवातीला तिने आकडा सेन्सेईंना पाठवला. ओनो-सानांनाही पाठवला, कारण माल त्यांनाच मागवायचा होता. ओनो-सानांनी एका ओळीत आभार मानले आणि तेवढे डबे मागवले.

पाडव्याला दोन दिवस उरले असताना सकाळी चहा ओतता ओतता सुप्रभा सहज म्हणाली की यंदा बरं झालं, घरी काही करायला नको. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी सुट्टी आलेली. मंडळाने वॉर्डाच्या सभागृहात सगळ्यांचं जेवण ठेवलं होतं. गोड म्हणून गुलाबजाम, एका भारतीय उपाहारगृहातून.

ओजस्वीने कप खाली ठेवला. "आणि श्रीखंड?"

"सगळ्या कंटाळल्यात गं चक्का टांगून. तूच म्हणालीस ना, विचारायचं नाही. मग मीही सांगितलं नाही."

ओजस्वी जपानीत काहीतरी पुटपुटली. वैतागली की ती जपानीत जायची. दुसऱ्या दिवशी दुकानात दह्याचे खोकेच्या खोके येणार होते आणि त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं.

तिने रयोताला कळवलं. त्याचं उत्तर ती रेल्वेत असतानाच आलं. काहीच करू नकोस. चुकलेला अंदाज हाही निकालच. तो तसाच सेन्सेईंना दे. अभ्यासाच्या दृष्टीने तो बरोबर होता, हे ओजस्वीला कळत होतं. आपण ज्याचा अंदाज करतो त्यात हात घालायचा नाही, हे पहिल्या सत्रातच शिकवलेलं होतं. चुकीचा आकडा घेऊन सेन्सेईंसमोर जायला ती तयारही होती.

पण दही तिच्या डोक्यातून जाईना. माल वाया जाऊ नये म्हणून त्या कंपनीने आकडे दिले होते, आणि आता तिच्या आकड्यावर विश्वास ठेवून ओनो-सान गाडीभर दही मागवून बसले होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते आठवडाभरात संपलं नसतं. तिचा अंदाज चुकला तर तो तिच्या अहवालात चुकला असता. दही मात्र खरोखरच टाकावं लागलं असतं.

दुपारचा तास संपताच ती परत आली आणि अनघाकाकूंच्या बाविसाव्या मजल्यावर गेली. काकू जेवणाच्या पत्रावळींचा हिशोब जुळवत होत्या. ओजस्वीने काही लपवलं नाही. आकडा, झेमी, दही, सगळं सांगितलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "तू आधी आम्हाला चूक म्हणून काढून टाकलंस. मग आमच्याशी बोलणं टाकलंस. आणि आता तुझा आकडा जुळावा म्हणून आम्ही चक्के टांगायचे?"

"आकडा जुळला तरी मी तो धरणार नाही, काकू. तो आता खोटाच आहे. फक्त दही वाया जायला नको."

"जागा गेली तर?"

"गेली तर दुसऱ्या झेमीत जाईन."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. "गुलाबजाम तसेही तिथले कडक असतात," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

पुढच्या तासाभरात त्यांनी जे केलं त्याला ओजस्वीच्या अभ्यासक्रमात नाव नव्हतं. गुलाबजाम रद्द झाले. वेलची कोणाकडे, केशर कोणाकडे, बारीक फडकं नसेल तर कॉफी गाळायचे कागद चालतील का, यावर चर्चा झाली. प्रत्येक घराने आपापलं श्रीखंड सभागृहात आणायचं असं ठरलं. सुप्रभाच्या वाट्याला आठाऐवजी बारा डबे आले. मुलीचं काम म्हणून तिने तक्रार केली नाही, पण ओजस्वीला वाटेतून दोरी आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दह्याची फळी पार रिकामी होती. तिच्या कडेला ओनो-सानांनी हाताने लिहिलेला एक पुठ्ठा लावला होता: ‘भारतीय नववर्षासाठी, साधं दही.’ खप आणि अंदाज यांत दोनचार डब्यांचा फरक पडला होता. ओनो-सान खुशीत होते. ओजस्वीने त्यांनाही खरं सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले की दुकानाच्या बाजूने पाहिलं तर फळी रिकामी झाली, हे पुरेसं आहे. पुढच्या वेळी मात्र काकूंचा फोन नंबर मिळाला तर बरं.

सभागृहात जेवण छान झालं. होनोका आणि रयोता पाहुणे म्हणून आले होते. प्रत्येक घराचं श्रीखंड वेगळं लागतं, असा होनोकाने निष्कर्ष काढला आणि तो पडताळायला दुसऱ्यांदा रांगेत गेली. बाबांनी रयोताला दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत टाकण्याचं तत्त्व समजावून सांगितलं, आणि रयोताने ते शांतपणे ऐकून घेतलं.

सोमवारी ओजस्वी मिझुनो सेन्सेईंच्या खोलीत गेली. आईने जबरदस्तीने दिलेला श्रीखंडाचा डबा तिने टेबलावर ठेवला. सेन्सेईंनी तो न उघडता पलीकडे सरकवला. निर्णयाआधी ते कुणाचं काही घेत नसत.

तिने कागद पुढे केला आणि लगेच सांगितलं की हा आकडा पुरावा म्हणून धरू नये. मग मंडळाचं जेवण, गुलाबजाम, काकू, सगळं क्रमाने सांगितलं. अंदाज खरं तर शून्यावर आपटणार होता, हेही सांगितलं.

सेन्सेईंनी कागद दोनदा वाचला.

"मग हा दिवस पत्रकातून काढणार?"

"नाही," ओजस्वी म्हणाली. "दही विकलं गेलंय. दिवस राहील. पण समोर शेरा राहील, की अंदाज करणाऱ्या व्यक्तीने हस्तक्षेप केला."

"आपल्या पत्रकात शेऱ्यासाठी रकाना आहे?"

ओजस्वीने आठवून पाहिलं. इतक्या रांगा साफ केल्या होत्या, पण असा रकाना तिला कुठे भेटला नव्हता. "नाही," ती म्हणाली.

"मग एप्रिलमध्ये झेमीत आलीस की पहिलं काम ते कर," सेन्सेई म्हणाले. "बाकीच्यांनाही लागेल."

ते कळायला तिला एक क्षण लागला. तोवर सेन्सेईंनी डबा पलीकडून स्वतःकडे ओढला होता आणि चमचा आहे का म्हणून ते खण धुंडाळत होते.